व्हाउचर क्रमांक एकोणचाळीस

गॅलरीच्या दारावर मी कागद लावला:
दुभाषी हवा आहे. स्पॅनिशमधून रशियनमध्ये.
कला आणि साहित्यासाठी. एक संध्याकाळ.
मळ्यातून जाणारे-येणारे थांबून वाचायचे
आणि आत डोकावून बघायचे
बैलाचं दूध मागणारी बाई कशी दिसते ते.

लिदुविना पेरूहून येणार होती,
लाकडी ठशांची बावीस चित्रं
आणि प्रत्येकाखाली एक कविता घेऊन.
पुस्तक काढणारी झिनाईदा मोरजीला राहते.
तिला मधे इंग्रजी नको.
म्हणते, इंग्रजीतून आलेली कविता म्हणजे
विमानतळावर उघडून तपासलेली बॅग,
सगळं असतं, फक्त घडी मोडलेली.
(हेही ती इंग्रजीतच म्हणाली.)

पहिला आला दाजी शेटगावकर, टॅक्सीवाला.
पंधरा मोसम किनाऱ्यावर काढलेले,
रशियनमध्ये मासळीची अठरा नावं तोंडपाठ,
शिवाय ‘उद्या या’, ‘आज दर्या वाईट आहे’.
मी विचारलं, सावली?
म्हणाला, छत्री सांगतो त्यांना. चालतं.

मग लॉरेंसो बाब, ऐंशीच्या पुढचे,
पोर्तुगीज पक्कं. आणि स्पॅनिश?
‘ते शेजारच्या घरातलं भांडण, बाय.
भिंतीतून सगळं कळतं, मधे पडता येत नाही.’
रशियनचं नाव काढताच त्यांनी टोपी घातली.

हळदोण्याचा पत्ता त्यांनीच जाता जाता दिला.
डॉक्टर पिएदाद रेबेलो. दातांच्या. निवृत्त.
शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेलेल्या, एकोणिसाव्या वर्षी,
खोलीत बोलिव्हियाची ओतिलिया.
‘रशियन मी वर्गात शिकले,’ त्या म्हणाल्या,
‘स्पॅनिश पलंगावर. तिच्या पलंगावर बसून
तिची पत्रं रशियनमध्ये उतरवायची, गेन्नादीसाठी.
दोन वर्षं. साहित्य म्हणाल तर तेवढंच.’
मला तेवढं पुरत होतं.

संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या.
अठराव्या चित्रात एक रिकामी होडी,
नि खाली ओळ, तिच्यात एक शब्द: मद्रुगादा.
लिदुविना थांबली. आता पिएदादबाईंची पाळी.
त्या बोलेनात.
पंखा फिरत होता, कुणाची तरी बांगडी वाजली,
झिनाईदाचं पेन कागदावर टेकून तसंच.
मग त्या हळू काहीतरी म्हणाल्या, बरंच लांब,
एका शब्दाला न शोभणारं.
झिनाईदा हसली आणि लिहू लागली.

नंतर चहा ओतताना मी विचारलं.
‘पोदेर अजून आलेला नाही, अशी वेळ,
असं सांगितलं. ती मोरजीला राहते,
तिच्याही दाराशी रोज त्याचा भोंपू वाजतो.’
कप खाली ठेवला.
‘शब्द मला तेव्हाही ठाऊक होता गो.
आई त्याच वेळी उठायची चूल पेटवायला.
रशियन मात्र आठवेना,
सकाळी जबड्याच्या हाडांची परीक्षा,
मी “रात्री” लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.
तो बारा वाजता स्टेशनच्या घड्याळाखाली आला,
अडीचपर्यंत थांबला, बर्फात.
ती गेली चारला.
दोघांनाही वाटलं, समोरचा आलाच नाही.’

मी काय बोलणार.
‘सांगितलंत त्यांना?’
‘दात काढायच्या आधी सांगायचं असतं,
दुखेल म्हणून. नंतर कोण सांगतं?’

मानधनाचं व्हाउचर मी पुढे केलं.
कामाचे स्वरूप: कला आणि साहित्य.
चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं, सही केली,
तारीख घातली. दिवस बरोबर, महिना बरोबर,
साल एकोणीसशे त्र्याहत्तर.

ऑडिटवाले दर वर्षी त्यावर बोट ठेवतात.
लेखनिकाची चूक, मी सांगते.
दुरुस्ती मात्र अजून केलेली नाही.